पळसपरी आणि आठ नावं

डोंगराच्या कुशीत, जिथे पायवाट संपते आणि पळसाचं रान सुरू होतं, तिथे कारवीवाडी नावाची इवलीशी वस्ती होती. वाडीच्या टोकाला, गवताने शाकारलेल्या झोपडीत सगुणा राहायची. तिला वडील नव्हते. आई महिनाभर तापाने अंथरुणाला खिळली होती. घरात एकच भाकरी झाली, तर सगुणा अर्धी आईला द्यायची, अर्धी धाकट्या भिवाला, आणि स्वतः तांब्याभर पाणी पिऊन म्हणायची, "माझं पोट भरलं."

फाल्गुन आला. होळीची लाकडं आणायला वाडीतली आठ मुलं रानात गेली. सगुणा तेवढी आईपाशी थांबली. मुलं परतली ती मुकी होऊन. ओठ हलायचे, पण आवाज फुटायचा नाही. रडायची तीही अगदी निःशब्द. भिवा ताईला बिलगून नुसता थरथरत राहिला.

"ढुंढा आली गं," आई कण्हत म्हणाली.

"कोण ढुंढा?"

"राक्षसीण. फार पूर्वी तिने तप करून वर मागितला. देवाच्या हातून मरण नको, माणसाच्या हातून नको, शस्त्राने नको. पण लहान लेकरांना ती विसरली. मग एका पौर्णिमेला पोरांनी आग पेटवली, भोवती धावत बोंबा मारल्या आणि ढुंढा पळाली. तेव्हापासून होळीला बोंब मारायची रीत पडली. म्हणूनच या खेपेला तिने आधी पोरांचे आवाज नेले. आज पौर्णिमा. आज बोंब झाली नाही, तर ते आवाज कायमचे तिचे."

"मी ओरडेन की!"

"एकट्या पोरीला ती भीत नाही, बाळ. तुझाही आवाज गिळेल."

तरीही दुपारी सगुणा रानात शिरली. केशरी फुलांनी पळस पेटल्यासारखे दिसत होते, पण एकही पाखरू बोलत नव्हतं. वाराही श्वास धरून बसला होता. एका फांदीवर राखाडी केसांची लांबलचक जटा लोंबत होती, आणि तिच्यात काहीतरी चिमुकलं चमचमत होतं. सगुणाच्या अंगावर काटा आला. ते केस ढुंढाचे होते! पळून जावंसं वाटलं. तेवढ्यात जटेतून बारीक हुंदका आला. तिने हात घातला. केस पात्यासारखे धारदार होते. बोटांतून रक्त आलं, तरी ती एकेक केस सोडवत राहिली.

भुर्रकन बाहेर आली एक परी! बोटाएवढी. पंख पळसाच्या पाकळ्यांचे, कपाळावर सोनेरी परागांची टिकली.

"मी पळसपरी. एक इच्छा माग, सगुणा. एकच."

सगुणाला आईचा तापलेला हात आठवला. मग भिवाचे हलणारे, मुके ओठ आठवले. तिचा जीव कासावीस झाला.

"मुलांचे आवाज परत दे," ती म्हणाली.

परीचा रंग फिका पडला. "याचे नियम कठीण आहेत गं. ढुंढा समोर असताना डोळे मिटायचे नाहीत. एकेकाचं नाव मोठ्याने घ्यायचं. आणि प्रत्येक नावासरशी तुझा आवाज थोडा थोडा संपेल."

"आणि शेवटी?"

"शेवटी काहीच उरणार नाही."

"चालेल," ती हळूच म्हणाली.

सूर्य डोंगराला टेकला. मोठी माणसं दारं लावून बसली होती. सगुणाने आठही मुलांना होळीपाशी आणलं आणि लाकडं पेटवली. धुरातून ढुंढा आली. ताडाएवढी, राखेच्या रंगाची, डोळ्यांच्या जागी नुसती भोकं. तिने तोंड उघडलं आणि आवाज आला तो भिवाचा!

"ताई, मला भीती वाटते. डोळे मिट ना गं!"

सगुणाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण तिने पापणी लववली नाही.

"भिवा!" ती ओरडली. मागून लगेच खराखुरा भिवा किंचाळला, "ताई!"

"यमुनी! गणू! पारू!" नावागणिक तिचा आवाज घोगरा होत गेला. सातवं नाव कसंबसं निघालं. उरली शेवंता. सगुणाच्या ठिगळाच्या परकराला हसणारी, तिला 'चिंधी' म्हणणारी.

"चिंधे," ढुंढा शेवंताच्या आवाजात फिस्कारली, "उरलेला आवाज तुला ठेव की!"

सगुणाने सगळा जीव गोळा केला. "शेवंता!"

तिचा आवाज संपला. पण शेवंताने तोंडावर हात मारत अशी बोंब ठोकली की आभाळ दणाणलं! आठही मुलं आगीभोवती धावत बोंबलू लागली. ढुंढा आकसली, वाकली, झुडपाएवढी झाली, मुठीएवढी झाली, आणि राख होऊन वाऱ्यावर उडून गेली.

सगुणाने ओठ हलवले. काहीच ऐकू आलं नाही. तेवढ्यात पळसपरी भुर्रकन होळीपाशी उतरली. शेवंता रडत तिच्यापुढे हात जोडून उभी राहिली. "तिचा आवाज द्या हो!"

"मला नियम मोडता येत नाही," परी म्हणाली. "पण तुम्ही आपल्यातला थोडाथोडा देऊ शकता. मनापासून हाक मारा."

"सगुणा!" आधी शेवंताने हाक मारली. मग भिवाने, मग सगळ्यांनी. सगुणाच्या गळ्यात काहीतरी उबदार हललं.

परी हसली. तिने पंख झटकले तसा सोनेरी, केशरी, गुलाबी उजेड वाडीभर पसरला, सगुणाच्या झोपडीतही शिरला, आणि त्या उजेडातच परी विरघळून गेली. पळसाची फुलं सरसर गळून पाणवठ्यात पडली. सगळं पाणी केशरी झालं.

झोपडीचं दार उघडलं. दारात आई उभी होती. आपल्या पायांवर, कुणाच्या आधाराशिवाय.

"आई!" सगुणा ओरडली, इतक्या मोठ्याने की डोंगरानेही ती हाक परत दिली.