डोळ्यांना दिसणारी चव

"केरबा, ही चव उद्या मला डोळ्यांनी दाखव! नाही दाखवलीस, तर विहिरीवरची खोली रिकामी कर आणि कारगड सोड!"

राजे हैबतराव भर दरबारात असं गरजले. केरबा म्हणजे मीच, राजवाड्याचा पाणक्या. राजांना कशाला नावं ठेवू? माझं तोंडच तसलं. उघडायच्या आधी मला विचारतच नाही.

झालं असं, की फ्रान्स देशाच्या थंड अंगाला राजांचा एक दोस्त राहतो. त्यानं पांढऱ्या वाइनची पेटी पाठवली. शार्डोने तिचं नाव. मी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून गार केली आणि पेले भरले.

राजे म्हणाले, "तिकडच्या थंडीत द्राक्ष सावकाश पिकतं म्हणे. त्यामुळं आंबटपणा टिकतो आणि गोडीही उतरते, दोन्ही सारखं. खरं का हे?"

दिवाणजी घोट घ्यायच्या आधीच म्हणाले, "अमृत, सरकार!" फौजदार म्हणाले, "मधाहून गोड!" खजिनदार म्हणाले, "साजूक तूप, साजूक तूप!"

राजे वैतागले. "केरबा, तू घे घोट. तू सांग."

आता माझी जीभ म्हणजे जन्मभर तंबाखूनं आणि ठेच्यानं झोडपलेली. 'छान आहे सरकार' म्हणून गप्प बसावं की नाही? पण घोट घशाखाली गेला आणि मी सुटलो.

"सरकार, आधी लिंबाच्या सालीचा वास येतोय. मग नदीतला ओला गोटा चाटल्यागत लागतंय. आंबट आहे, पण दात आंबत नाहीत. फळाची गोडी आहे, पण तोंडाला मिठी बसत नाही. दोघं एका पाटावर जेवायला बसलेत आणि कुणी कुणाला कोपर मारत नाही!"

"पाणक्याला काय कळतंय त्यातलं?" दिवाणजी फिसकन हसले.

"तुमच्यापेक्षा जास्त कळतंय! तुम्ही तर पेला ओठाला लावायच्या आधीच बोललात!"

झालं! दिवाणजी लालबुंद. "सरकार, याच्याकडं पुरावा मागा."

"मागतोच!" राजे म्हणाले. "चार जिभांनी चार गोष्टी सांगितल्या. जिभेचं आता मी ऐकायचाच नाही. आंबट-गोड सारखं असेल, तर ते डोळ्यांना दिसलं पाहिजे!"

घरी आलो. माझी सून भिवरा भाकऱ्या थापत होती. सगळं ऐकून तिनं कपाळावर पिठाचा हात मारला.

"मामंजी, नुसतं छान म्हणायला काय झालं होतं?"

"तेच मी वाटभर स्वतःला विचारत आलो."

"मग काय उत्तर मिळालं?"

"शिव्या मिळाल्या."

"बऱ्याच दिल्या असतील तर मी देत नाही," ती म्हणाली. "पण ही खोली मी सोडायची नाही. उद्या मी येते दरबारात."

"तू काय दाखवणार?"

"ज्यांना बघायचंय, त्यांनाच दाखवणार!"

मला काही कळलं नाही. भाकरी मात्र दोन जास्तच खाल्ल्या. म्हटलं, कारगडातली शेवटचीच असली तर?

दुसऱ्या दिवशी भिवरा डोक्यावर पदर घेऊन दरबारात उभी राहिली. एका हातात कापलेलं लिंबू, दुसऱ्या हातात काकवीची वाटी.

"सरकार, दुसऱ्याच्या जिभेवर तुमचा भरवसा नाही. तेव्हा आज चाखायचं तुम्हीच. फक्त समोर मोठा आरसा ठेवायला सांगा. आणि एक शब्दही बोलायचं नाही!"

आरसा आला. राजांनी लिंबू चोखलं मात्र, त्यांच्या त्या कोपरभर मिशांची टोकं सर्रकन कानाला जाऊन भिडली! डोळे मिटले, नाक गोळा झालं.

"डोळे उघडा सरकार, आरशात बघा! मिशा वर!" भिवरा म्हणाली. "आता काकवी घ्या."

काकवी तोंडात गेली. ओठ चिकटले, गाल ओघळले, मिशांची टोकं हनुवटीखाली लोंबायला लागली. फौजदारांनी हसू दाबायला पागोट्याचा शेमला तोंडात कोंबला.

"मिशा खाली! आता चूळ भरा आणि वाइन घ्या."

मी पेला भरून दिला. देताना थोडी राजांच्या जोड्यावर सांडली. राजांनी घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. सगळा दरबार मिशांकडं बघतोय. मिशा वर जाईनात, खाली येईनात! नाकाच्या दोन्ही बाजूंना सरळ आडव्या, तराजूच्या दांडीसारख्या!

"बघा सरकार," भिवरा म्हणाली, "आंबट जास्त असतं तर वर गेल्या असत्या. गोड जास्त असतं तर खाली आल्या असत्या."

राजांनी आरशात निरखून पाहिलं. पण हट्टी माणूस तो! एवढ्यावर ऐकतोय होय? त्यांनी उरलेला पेला गटागटा रिकामा केला आणि म्हणाले, "अगं पोरी, साधं पाणी प्यालो तरी मिशा अशाच राहतील! मग ही वाइन आणि तुझ्या सासऱ्याचं पाणी यात फरक काय?"

दिवाणजींनी टाळीच वाजवली. मी मनातल्या मनात गाठोडं बांधायला घेतलं.

भिवरा मात्र हसली. "सरकार, पाणी पिऊन झालं की माणूस पेला खाली ठेवतो. आता मिशा सोडा आणि आरशात स्वतःचा हात बघा!"

राजांनी पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. राजांचा हात त्यांना न विचारताच माझ्यापुढं आला होता, रिकामा पेला घेऊन!

राजे असे हसले, की आरसा धरणारे दोघं शिपाईही हलायला लागले. "दिसली! चव दिसली! केरबा, बघत काय उभा राहिलास? भर पेला!"

मग त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून भिवराला दिलं आणि विहिरीवरची खोली कायमची तिच्या नावावर केली.

दिवाणजींनी तोंड कडू करून विचारलं, "आणि या म्हाताऱ्याला काय, सरकार?"

"त्याला?" राजे डोळे पुसत म्हणाले. "त्याला सुनेच्या खोलीत राहायची परवानगी! आधी तिला विचारा म्हणजे झालं."

तिनं विचार करायला संध्याकाळपर्यंत वेळ घेतला.