खांब उत्तर देत नाही

एकदा एका गावात दोर वळणारा एक वृद्ध राहत होता. त्याची ही गोष्ट सुरू झाली ती एका मंगळवारी सकाळी, बरोबर सात वाजून वीस मिनिटांनी. वेळ एवढी नक्की सांगता येते, कारण त्याच क्षणी वळणावर सात-वीसच्या एसटीने हॉर्न दिला होता. सगळ्या गावाने तो ऐकला. चार वर्षांच्या बकुळीला तो ऐकू आला नाही, आणि पायापुढची विहीरही तिला दिसली नाही.

बकुळीची आई शेवंता ही त्या वृद्धाची शिष्या. चुलीवर चहा ठेवून ती मागे वळली, तो पोर जागेवर नाही. धावत परसात आली तर बकुळी बिनकठड्याच्या विहिरीपासून दोन वितींवर उभी, एक पाऊल उचललेले. शेवंताने झडप घालून तिला मागे ओढले. बकुळी किंचाळली आणि आईच्या मनगटाला कडकडून चावली.

दीड वर्षापूर्वी एका तापात बकुळीची दृष्टी आणि श्रवण, दोन्ही गेले होते. तेव्हापासून शेवंताच्या मनात भीती होती ती होतीच. जेवताना, भांडी घासताना, झोपेतसुद्धा.

"आज विहिरीनं सोडली," सासू म्हणाली. "रोज सोडणार हाय व्हय? बांध तिला. न्हायतर एक दिवस गळ टाकून काढायची पाळी येईल."

 शेवंताने स्वतः वळलेला मऊ दोर घेतला, पोरीच्या मनगटाला आधी जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली, त्यावर दोर बांधला आणि दुसरे टोक ओसरीच्या खांबाला. मग पदराने डोळे पुसले आणि घरासमोरच्या चिंचांखाली कामाला गेली.

दोर वळण्याचे काम दोघांचे असते. एका चिंचेपाशी चाक, चाळीस पावलांवर दुसऱ्या चिंचेपाशी दोराचे टोक धरणारा. एवढ्या अंतरावर ओरडून भागत नाही. म्हणून तिथला रिवाज असा, की चाकावरच्या माणसाने दोराला दोन हिसके द्यायचे. समोरून दोन हिसके परत आले, म्हणजे तो तयार आहे. उत्तर आल्याशिवाय चाक फिरवायचे नाही, कारण समोरच्याची बोटे पिळात सापडतात. गावात अशी तुटक्या बोटांची दोन माणसे होती.

तो वृद्ध, ज्याला सारे नाना म्हणत, म्हातारपणी आंधळा झाला आणि पाठोपाठ बहिराही. पण टोक धरायला तोच बसे. काही सांगायचे तर त्याच्या तळहातावर बोटाने अक्षरे काढावी लागत. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने तो कधी उगाच मोठ्याने बोले, कधी पुटपुटल्यासारखा.

त्या दिवशी दोन-चार फेरे झाले आणि नाना एकदम गरजला, "थांब! दोराला कापरं भरलंय. काय झालं गं?"

शेवंता जवळ गेली. त्याच्या तळहातावर तिने लिहिले : पोर. विहीर. बांधली.

नाना उठला. तिच्या खांद्यावर हात ठेवून ओसरीपर्यंत आला, चाचपत खांब शोधला आणि खाली बसला. पोरीला त्याने हात लावला नाही. ताणलेल्या दोरावर फक्त दोन बोटे टेकवली आणि तसाच बसून राहिला. सासू कुरकुरली, "आता ह्यो काय दोराची नाडी बघतोय?"

बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "सकाळपासून असंच चाललंय?"

हट्ट करते, ओढते, असे शेवंताने लिहिले.

"हट्ट?" नाना म्हणाला. "बोटं ठेव इथं."

शेवंताने बोटे ठेवली. दोराला दोन हिसके बसले. मग थोडी स्तब्धता. पुन्हा दोन. पुन्हा स्तब्धता.

शेवंताने ते ओळखले. चिंचेखाली आईच्या मांडीवर बसून बकुळी रोज दोरावर हात ठेवत असे. आईचे दोन हिसके आणि त्यांचे उत्तर तिच्या हातांना ठाऊक झाले होते. सकाळपासून पोर विचारत होती आणि सकाळपासून तिला उत्तर मिळाले नव्हते.

मग नानाने सर्वांना कोड्यात टाकणारी गोष्ट केली. खांबाची गाठ सोडली, ते टोक शेवंताच्या हातात दिले आणि स्वतः आपला हात पोरीच्या हाताशेजारी उताणा ठेवून वाट पाहत राहिला. बकुळीने तो चाचपला, हुंगला, आणि आपण होऊन त्याचे बोट धरले.

"चल," नाना म्हणाला. "विहीर बघू."

"आंधळा आंधळीला विहीर दाखवणार!" सासूने कपाळ बडवले. "आन् मी काय मेलेय?" असे म्हणत तिने एका हाताने नानाचे धोतर आणि दुसऱ्याने पोरीचा झगा घट्ट धरला.

विहीर आली तशी मागून दोर धरून आलेल्या शेवंताने डोळे मिटून घेतले. नानाने पोरीला काठापासून वीतभर अलीकडे पालथे झोपवले. सासूने धरून ठेवले. त्याने पोरीचा तळवा काठाच्या दगडावर फिरवला, मग काठापलीकडच्या मोकळ्या हवेत नेला आणि पोहऱ्यातले गार पाणी त्यावर सांडले. बकुळी दचकली. हात मागे घेतला, आणि स्वतःच पुन्हा काठ चाचपला.

तिथूनच नाना बोलला, "शेवंते, विहिरीला कठडा बांध. पोरीला बांधू नकोस. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याला विहिरीपेक्षा भय वाटतं ते पलीकडे कुणीच नाही याचं. माझे डोळे गेले, कान गेले, पण दोराच्या दुसऱ्या टोकाला तू होतीस म्हणून मी माणसात राहिलो. खांब मजबूत असतो गं, पण उत्तर देत नाही."

शेवंताने डोळे उघडले. दोर सैल पडला होता. तिने हळूच दोन हिसके दिले.

काहीच आले नाही.

मग दोर किंचित ताणला, आणि दोन हिसके परत आले. लहानसे, पण स्पष्ट.

आठवड्याच्या आत सगळ्या आळीने मिळून विहिरीला कंबरभर कठडा बांधला. शेवंताची भीती आजही पुरती गेलेली नाही. चहा उतू गेला तरी तिचे एक बोट बकुळीच्या हातातल्या दोरावर असते.

ज्यांच्या घरी असे लेकरू किंवा असे म्हातारे माणूस असेल, त्यांच्यापर्यंत एवढे जरूर पोहोचवा : त्याला एकदम ओढू नका, उचलू नका. आधी आपला हात त्याच्या हाताशेजारी ठेवा आणि त्याचे उत्तर येईपर्यंत थांबा. तुमच्या ओळखीत असे घर नसले, तरी दुसऱ्या कुणाला सांगा. त्यांच्या ओळखीत असेल.