साळूमायचे काटे

रानात जनावरांची पंचायत भरत असे, त्या काळातली ही गोष्ट. काटेरी अंगाची एक म्हातारी साळू टाकून दिलेल्या आजाऱ्यांना आपल्या बिळात आणून जपायची. सगळे तिला साळूमाय म्हणत. ती वारली, तेव्हा तिला संतपद द्यायचा विषय निघाला. पण कुणीतरी विरुद्ध बोलायलाच हवं, अशी रीत होती. ते काम मुंगसाकडे आलं. झाडपाल्याच्या ज्ञानात त्याचा हात कुणी धरत नसे.

मुंगूस म्हणालं, "तिने एकही चमत्कार केला नाही. गुणकारी मुळी बिळाच्या तोंडाशी उगवलेली, पण तिने ती कधी उगाळली नाही. निम्मे आजारी तिथेच मेले. शिवाय तिचे काटे सगळ्यांना टोचायचे."

यातलं काहीच खोटं नव्हतं.

तेव्हा लंगडा ससा पुढे आला. "टोचायचे, मुंगूसदादा. माझा पायही बरा झाला नाही. पण अंधारात काटा टोचला की कळायचं, कुणीतरी शेजारी आहे."

पंचायतीने निकाल पुढच्या वर्षावर ढकलला. मुंगूस मात्र घरी न जाता साळूमायच्या बिळाकडे वळलं. आत दोन आजारी अजून तसेच पडून होते. दाराशी असलेली मुळी उपटून मुंगूस ती उगाळायला बसलं.