फेस बसायच्या आत

कट्ट्यावरचं बोलणं कट्ट्यावरच ठेवायचं, असं आबांनी मला बजावलं होतं. तरी लिहिते.

“...मग त्या फायनलला मला का न्हाई बदललं, वस्ताद?”

इंद्रजितदादा विचारत होता. पूर्वी तो आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर होता आणि माझे आबा वस्ताद. आता संघाचा कोच तोच आहे.

समोर दूधवाला म्हशीची धार थेट ग्लासात काढत होता. आबांच्या वेळी मॅच संपली की सगळा संघ स्टेडियमवरून चालत या दूध कट्ट्यावर यायचा. जिंकला तरी, हरला तरी. पहिला ग्लास कुणाला द्यायचा, ते आबा ठरवायचे. आता त्यांना संध्याकाळी नीट दिसत नाही, म्हणून मी सोबत येते.

“माझं बोट सुजलेलं. तुम्हाला दिसत हुतं. टायब्रेकरला दुसरा गोलकीपर घातला असता, तर कप आपला हुता.”

“व्हय. हुता.”

दादाला एवढ्या लवकर होकार अपेक्षित नसावा. तो जरा सावरून बसला.

“रविवारी मी तेच केलं. एक-एक बरोबरी. टायब्रेकरच्या आधी आपल्या गोलकीपरला, तौफिकला काढला, उंच पोरगा घातला. कप आणला! सगळी पेठ नाचली. तुम्ही मात्र एक शब्द बोलला न्हाईसा.”

“बरोबर केलंस.”

“मग?”

“तौफिक कुठाय?”

“येत न्हाई. ग्लोव्हज परत धाडलेत. आता खेळणारच न्हाई म्हणतोय. रुसलाय, येईल की.”

“तू गेलतास?”

“मी कोच हाय, वस्ताद. मी कशाला जाऊ?”

आबा हसले. “लई मोठा झालास.”

दादा समोरच्या रस्त्यावरच्या रहदारीकडे बघत राहिला.

“आपण हरलो तवा पहिला ग्लास कुणाला दिलता?”

“मला...” दादाचा आवाज खाली आला. “सुजल्या बोटानं ग्लास धरवंना. निम्मं दूध जर्सीवर सांडलं. तुम्ही म्हणाला, उद्या लवकर ये, बोट शेकू.”

“तो कप कुठाय आता?”

“पलीकडच्या पेठंत.”

“आणि गोलकीपर?”

दादा आपलं ते जुनं बोट चोळत राहिला.

“रविवारी पहिला ग्लास कुणाला दिलास?”

“रविवारी... कट्ट्यावर आलोच न्हाई. मिरवणूक हुती.”

आबांनी चाचपडत नुकताच आलेला आपला ग्लास शोधला. अजून ओठाला लावलेला नव्हता. तो त्यांनी दादाकडे सरकवला.

“नको, माझा झाला वस्ताद.”

“तुला कोण देतंय? मागच्या गल्लीत घर हाय त्याचं. फेस बसायच्या आत पोचव.”

दादा उठला. ग्लास त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, आबांच्या घरातल्या जुन्या फोटोत बॉल धरलाय तसा. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तरी त्याची नजर फेसावरून हलली नाही. गल्लीच्या तोंडाशी तो क्षणभर थांबला, आणि मला दिसलं की त्याचा

“शर्वरी! काय लिहीत बसलीस?” आबांची दारातून हाक आली. “चल लवकर, इंद्रजित आन् तौफिक, दोन्ही गोलकीपर कवाचं कट्ट्यावर येऊन बसल्यात!”