जप्त केलेली पट्टी

“सर, मग याहून भारी सॉफ्टवेअर घेऊ का?”

पेठकर सर सुपारी कातरत राहिले.

हृषीकेशचा जीव टांगणीला लागला होता. चाळीस गावांतल्या नर्सबाईंसाठी त्याने लसीकरणाचं ॲप आखलं होतं. नव्या सॉफ्टवेअरमुळे आठवड्याभरात चकचकीत स्क्रीन तयार! दाखवलं तिथे सगळ्या म्हणाल्या, “छान आहे.” चाचणीला दिलं, तर एकीनेही वापरलं नाही. सोमवारी काम त्याच्या हातून जाणार होतं.

सरांनी लॅपटॉप बायकोपुढे सरकवला. सुमतीबाई तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या.

“छान आहे हो,” त्या म्हणाल्या. “रंग गोड आहे.”

सर हृषीकेशकडे वळले. “याला वाकडी रेघ काढता येते?”

“छे! आपोआप सरळ होते, सर.” जरा तोऱ्यातच.

“अरेरे…”

सरांनी कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि पाठीमागे पेन्सिलीने तोच स्क्रीन काढला. चौकटी तिरक्या, अक्षर गचाळ. खोडरबराचा चुरा त्यांनी फुंकरीने उडवला, आणि हृषीकेशला एकदम भरून आलं. बारा वर्षांपूर्वी सरांच्या टेबलाशी, अशाच चुऱ्यात दिवस गेले होते. डिझाइनच्या पहिल्याच तासाला सरांनी त्याची स्टीलची पट्टी जप्त केली होती. तेव्हा केवढा राग आला होता! आज तो तास परत हवासा वाटला.

पान समोर येताच सुमतीबाईंनी पेन्सिल ओढूनच घेतली.

“हे काय? आधी बाळाचं नाव? अरे, पहिली लस जन्मल्या दिवशी, नाव बारशाला! नाव भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही की काय?”

“नाही…”

“मग आईचं नाव घाल की रे!” त्यांनी चौकट खोडली, शेजारी नवी काढली. मग आणखी दोन खोडल्या.

“काकू, लॅपटॉपवरही हेच होतं… तेव्हा बोलला नाहीत?”

“ते पुरं झालेलं होतं ना रे.”

हृषीकेशने ते पान उचललं.

“सर, हे घेऊन जातो. संध्याकाळपर्यंत सगळं सरळ करून…”

सरांनी टेबलाचा खण उघडला. आत ती स्टीलची पट्टी होती, त्याने कर्कटकाने कोरलेल्या नावासकट. त्याने हात पुढे केला.

सरांनी खण बंद केला.

“मिळेल… आधी त्या चाळीसजणींना खाडाखोड करू दे.”