बोगद्याचे दगड

आटपाट टेबल होतं. त्यावर बापू कारखानिसांनी विलायतेतलं एक जुनं, वाफेच्या गाड्यांच्या काळातलं स्टेशन वसवलं होतं. रूळ टाकून वर्ष लोटलं, तरी तिथलं वीतभर हिरवं इंजिन एकदाही धावलं नव्हतं. कारण बापूंच्या ब्रशाचं काम संपतच नव्हतं. आज कौलांवर शेवाळ, उद्या फलाटावरच्या साहेबाच्या मिशा!

एके दिवशी ब्रशाने इंजिनालाच काजळी फासली.

"अरे, अजून एक फेरी मारली नाही आणि माझं तोंड काळं?" इंजिन कातावलं.

"खरं वाटायला नको?" ब्रश म्हणाला.

"मग धावू दे की मला! त्याहून खरं काय असतं?"

"धावशील रे. एवढे बोगद्याचे दगड होऊ देत."

दगडावर दगड चिकटले. शेवटी एकदाचं बापूंनी बटण दाबलं. इंजिन निघालं, वळण घेऊन बोगद्यापाशी आलं आणि खाडकन अडकलं. दगडांनी बोगद्याचं तोंड पार अरुंद करून टाकलं होतं.

"दोन दगड काढा!" इंजिन ओरडलं. "फक्त दोन!"

"एवढे सुबक दगड?" ब्रश शहारला.

बापूंनी दगडांवरून हळूच बोट फिरवलं. मग त्यांनी इंजिन उचलून बाजूच्या रुळावर ठेवलं, ब्रश तांबड्या रंगात बुडवला आणि इंजिनावर गंज रंगवला. चाकांपुढे गवताचे झुपके चिकटवले.

"आता बघ," ब्रश खुशीत म्हणाला, "जन्मभर धावून थकल्यासारखं दिसतंस अगदी!"