कोंबडीनं उबवलेला रुपया

एका गावात एक भोळा गडी होता. भोळे तसे त्या गावात पुष्कळ होते, दोघं तर पंचायतीतच बसायचे. पण गेनबाची सर कुणाला नव्हती. सांगितलेलं तो ऐकायचा. नुसतं ऐकायचा नाही, अक्षर न् अक्षर ऐकायचा. तिथंच सगळा घोळ.

त्याची बायको हौसा. हौसाच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. तिची जोडवी झिजून झिजून तारेसारखी झाली होती, ती ऐन वेळी तुटली आणि गोठ्यातल्या शेणात गेली ती गेलीच. नवऱ्या मुलाची बहीण म्हणून मांडवात मिरवायचं, आणि पाय रिकामे? तिच्या वहिन्या आधी पाय बघायच्या, तोंड सवडीनं.

हौसाच्या आईनं तिला चांदीचा एक जुना रुपया दिला होता. हातोहात फिरून फिरून त्यावरच्या राजाचं नाक गुळगुळीत झालेलं. त्या रुपयाच्या चांदीत एका पायाची जोडवी होणार होती. दुसऱ्या पायाचं सोनाराशी गोड बोलून बघू, असा हौसाचा बेत.

“अवं, ह्यो रुपया नीट ठेवा,” हौसा म्हणाली. “हात लावत बसू नका. घामानं चांदी काळी पडती, मग सोनार घट धरतो. आन् ठेवा जरा मऊ जागी.”

“बरं,” गेनबा म्हणाला.

आता घरात मऊ जागा कुठली? गेनबानं सगळीकडं स्वतः बसून बघितलं. पाट कडक. उंबरा कडक. पोतं बरं होतं, पण टोचत होतं. शेवटी त्याला कोंबडी दिसली. खुडूक होऊन अंड्यांवर बसली होती. गेनबानं रुपया चिमट्यानं उचलला आणि हळूच तिच्याखाली सरकवला.

तेवढ्यात सासूबाई आल्या, लेकीकडं चार दिवस राहायला. गेनबा पाया पडायला वाकला आणि वीतभर अलीकडंच थांबला.

“काय वं जावईबापू, कंबर धरली का?”

“न्हाई मामी. हात लावत न्हाई. घामानं काळ्या पडाल.”

सासूबाईंनी लेकीकडं बघितलं. लेकीनं छताकडं बघितलं.

इकडं कोंबडीखालचं एक अंडं नासलं आणि फुटलं. रुपया बाहेर निघाला तो पिकल्या केळ्यासारखा पिवळा.

“कोंबडीखाली रुपया ठेवत्यात व्हय?” हौसा ओरडली.

“मऊ म्हणालीस.”

“अवं, नासक्या अंड्यानं चांदी रंग बदलती! कोरड्या जागी ठेवायचं, हवेशीर!”

“बरं. आता तसंच.”

कोरडी आणि हवेशीर जागा म्हणजे कांद्याची चाळ. गेनबानं रुपया कांद्यांच्या ढिगात खोचला आणि घरी आला. येऊन बघतो तर पाण्याचा रांजण आतून पार ओला, आणि वर झाकण! त्यानं रांजण ओतून टाकला, आतून पुसला आणि वाऱ्याला पालथा घातला. सासूबाईंना जेवताना ठसका लागला. त्या पाणी पाणी करायला लागल्या.

“मामी, दम धरा,” गेनबा म्हणाला. “रांजण आत्ता कुठं कोरडा झालाय.”

चाळीतले कांदे सडले आणि रुपया जांभळा झाला. गेनबाला तो आवडला. हौसाला नाही आवडला.

“त्या कांद्याचा उग्रपणा बाधला त्याला! कुठलीबी हवा लागू देऊ नका. घट्ट गुंडाळून ठेवा.”

“बरं.”

गेनबानं घोंगडीचा तुकडा फाडला, रुपया त्यात आवळून बांधला आणि गाठोडं चुलीच्या वर आढ्याला टांगलं. मग बाहेर आला. भर दुपारची वेळ. सासूबाई ओट्यावर पदरानं वारा घेत बसल्या होत्या.

“अरे देवा, हवा घेताय?” म्हणून गेनबा धावला. उरलेली घोंगडी त्यानं त्यांना गळ्यापासून घोट्यापर्यंत गुंडाळली आणि वर सुतळी बांधली. “मामी, हलू नका. जांभळ्या व्हाल.”

सासूबाई संध्याकाळच्या एस्टीनंच गावी गेल्या. जाताना लेकीच्या पाठीवरनं हात फिरवला.

गाठोडं सोडलं तर लोकर आणि धूर दोघांनी मिळून काम केलेलं. रुपया मधोमध मोराच्या गळ्यासारखा निळा, भोवती जांभळा, कडेला पिवळी किनार.

हौसा रडायच्या बेतात आली. लग्न तोंडावर आलेलं. “आता ह्याला काय बी करू नका. मुकुंदशेट सोनाराकडं न्या, आन् शेट सांगतील तसं करा.”

मुकुंदशेटच्या पेढीवर शहरातले एक चष्मेवाले साहेब बसले होते. जुनी नाणी जमवायचा त्यांना नाद. गेनबाचा रुपया बघितला आणि साहेब उभेच राहिले.

“अहो, इतक्या हातांतून फिरलेल्या रुपयाला हा रंग? कुठं ठेवला होता?”

“कोंबडीखाली. मग कांद्यात. मग घोंगडीत, चुलीवर.”

“तरीच!” साहेब टाळी देऊन हसले. “नासकं अंडं म्हणा, सडका कांदा म्हणा, लोकर, धूर, सगळ्यांतनं गंधकाचा अंश येतो आणि चांदीवर थर धरतो. पातळ थर पिवळा, वाढला की जांभळा, मग निळा. अजून राहिला असता तर काळाच पडला असता. अगदी वेळेवर काढलात! मला द्या हा. दोन्ही पायांची जोडवी येतील आणि वर पैंजण येतील एवढे पैसे देतो.”

गेनबा हो म्हणणार, तोच शेटनी त्याला चिमटा काढला आणि कानाला लागले. “लगेच देऊ नका, पाव्हणं. आधी घासाघीस करा.”

“घासाघीस? हितंच?”

“हितंच. चांगली दणकून करा.”

साहेब पैसे आणायला गाडीकडं गेले. शेट भट्टीकडं वळले. गेनबानं इकडंतिकडं बघितलं. दागिने उजळायला चिंचेचं पाणी होतं, राख होती, कुंचला होता. तो मांडी ठोकून बसला.

साहेब परत आले. गेनबानं घामेजल्या हातानं रुपया पुढं केला. राजा नुकती अंघोळ करून आल्यासारखा पांढराफेक.

“रंग कुठं गेला?” साहेब रुपयावर वाकले.

“दणकून घासाघीस केली जी.”

मुकुंदशेट कपाळ धरून खाली बसले. साहेबांनी गेनबाच्या तळहातावरच रुपया उलटा केला. मागची बाजू अजून मोरपंखी होती!

“थांबा! हात लावू नका! एवढी बाजू तरी शाबूत आहे. निम्मे पैसे देतो.”

“द्या, पाव्हणं, देऊन टाका!” शेट ओरडले. “दोन्ही पायांची जोडवी तरी व्हतील!”

गेनबा हसला. “शेट, मला काय खुळा समजलात? घासाघीस केल्याबिगर देतोय व्हय?”

आणि त्यानं रुपया उलटा धरून कुंचला फिरवला.

साहेब गाडीत बसून निघून गेले. मुकुंदशेटनी त्या चांदीची एका पायाची जोडवी घडवून दिली. गोड बोलायला गेनबाच्या जिभेवर काही नव्हतं आणि ऐकायला शेटच्या अंगात काही उरलं नव्हतं.

हौसानं पुडी सोडली. जोडवी एका पायात घातली. दुसऱ्या पायाकडं बघितलं.

“आता वहिन्यांच्या म्होरं मी जाऊ तरी कशी?”

गेनबानं डोकं खाजवलं. पुष्कळ वेळ खाजवलं.

“लंगडी घालत,” तो म्हणाला.